दप्तर आणि ब्यूरो

‘दप्तर’ म्हटले की आज शाळेला निघालेल्या मुलाची पाठ डोळ्यांपुढे येते. त्याआधी हा शब्द कचेरीचा होता, त्याआधी कागदांच्या गठ्ठ्याचा, आणि अगदी मुळाशी कातड्याचा. ग्रीक भाषेत ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहीत, म्हणून लिखाणालाही तेच नाव पडले आणि अरबी-फारसीच्या वाटेने ते मराठीत येऊन रुळले. फ्रेंच भाषेतील ‘ब्यूरो’ या शब्दाचा प्रवासही असाच झालेला आहे. ‘ब्यूर’ म्हणजे जाडेभरडे लोकरी कापड. ते लिहिण्याच्या टेबलावर अंथरीत. कापडाचे नाव टेबलाला मिळाले, टेबलाचे खोलीला, खोलीचे कचेरीला. आपल्याकडे वृत्तपत्राचा मुंबई ब्यूरो असतो, तेव्हा त्या नावात हे जुने कापड असतेच.

हे दोन शब्द शेजारी ठेवण्याचे कारण सांगतो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी हिशेबखात्यात झाली, मोडी संध्याकाळच्या वर्गात शिकलो आणि जुन्या कागदांच्या नादाने पुण्यातील पडत्या वाड्यांतून हिंडू लागलो. तेथे कागदांबरोबर ते ठेवण्याची साधनेही दिसत गेली. गेल्या काही वर्षांत एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘‘आमच्याकडे एक फ्रेंच टेबल आहे, बरे का, फार जुने!’’ शिसवी किंवा तांबूस लाकूड, वर पानाफुलांचे जडावकाम, वळणदार पाय, कोपऱ्यांना सोनेरी धातूचे साज. अशी मेजे पुण्यात कशी आली, ती खरोखर फ्रेंच असतात का, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या खणांचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

पॅरिसचे मेज

आधी मूळ वस्तू पाहू. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा कारागीर नावारूपाला आला. १६७२ मध्ये चौदाव्या लुईने त्याला लूव्र राजवाड्यात राहण्या-काम करण्याची जागा दिली. बूलची रीत अशी : पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ तक्ता एकावर एक ठेवून बारीक पात्याच्या करवतीने दोन्ही एकदम कापायचे. मग पितळेची वेलबुट्टी कवचाच्या पोकळीत बसवायची आणि उरलेल्या कवचाची वेलबुट्टी पितळेच्या पोकळीत. एकाच कापणीतून दोन नक्ष्या मिळतात. एकीत जमीन कवचाची, दुसरीत पितळेची. ही पद्धत बूलने शोधली नव्हती, पण त्याने ती इतक्या उंचीला नेली की तिला त्याचेच नाव चिकटले.

अठराव्या शतकात पितळ-कवचाच्या जोडीला रंगीत लाकडांचे जडावकाम आले. ओकच्या सांगाड्यावर दीड-दोन मिलिमीटर जाडीची, हाताने चिरलेली लाकडाची पाने सरसाने चिकटवायची आणि त्यांतून फुले, वाद्ये, भूमितीच्या आकृत्या उभ्या करायच्या. अशा कारागिराला फ्रेंचमध्ये ‘एबेनिस्त’ म्हणतात. हा शब्द अबनुसावरून आलेला आहे. आपला ‘अबनूस’ आणि फ्रेंच ‘एबेन’ हे दोन्ही एकाच ग्रीक शब्दाचे वंशज आहेत.

सोनेरी साजांकडे आपण शोभा म्हणून पाहतो. त्यांना कामही होते. जडावकामाच्या कडा ठेचतात, कोपरे उचकटतात, किल्ली फिरवताना कुलपाभोवती ओरखडे उठतात. नेमक्या त्याच जागी ब्राँझचे साज बसवलेले असतात. त्यांवर सोने चढवण्याची रीत आपल्या मूर्तिकारांनाही परिचित होती, ती म्हणजे पाऱ्याचा मुलामा. सोने पाऱ्यात कालवायचे, तो लेप ब्राँझवर लावायचा आणि तापवायचे. पारा उडून जातो, सोने धातूला धरून राहते. उडालेला पारा मात्र कारागिराच्या छातीत जाई. हात थरथरणे, दात पडणे, अकाली मरण हे या धंद्याचे ठरलेले भोग होते. १८४०च्या दशकात विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याची रीत व्यापारात आली, तेव्हा हा विषारी धंदा मागे पडू लागला.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध मेज म्हणजे पंधराव्या लुईचे. १७६० मध्ये ते झां-फ्रांस्वा ओबेनकडे सोपवले गेले. ओबेन १७६३ मध्ये वारला, आणि त्याच्या कारखान्यातील झां-आंरी रीझनेरने ते १७६९ मध्ये पुरे केले. लिहिण्याच्या फळीवर अर्धगोल झाकण सरकत येते. किल्लीच्या एका फेऱ्यात झाकण आणि खण एकदम बंद होतात. शाई भरण्याची सोय बाजूने अशी केली होती, की नोकराला दौत भरता यावी पण राजाचा एकही कागद दिसू नये. हा राजा आपल्या मंत्र्यांनाही न कळवता परस्पर परराष्ट्रीय पत्रव्यवहार चालवीत असे, हे ध्यानात घेतले की त्या कुलपाचा अर्थ लागतो. सोने आणि जडावकाम बाजूला ठेवले तर हे मेज म्हणजे गुपिते सांभाळणारी एक पेटी होती.

आणखी एक गोष्ट. ‘फ्रेंच’ म्हणून जगभर मिरवणारे हे मेज करणारे ओबेन आणि रीझनेर दोघेही जर्मन मुलखातून पोटासाठी पॅरिसला आलेले. त्यांची लाकडे अमेरिकेतली आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरची. वस्तूला गावाचे नाव लागते ते ती जिथे विकली जाते त्या गावाचे. पुढे मुंबईच्या संदर्भात हे पुन्हा आठवावे लागेल.

पुण्याची बैठक

ज्या वर्षांत ते मेज घडत होते, त्याच वर्षांत पुणे हेही लिहिणारे शहर होते. १७६० म्हणजे उदगीर, १७६१ म्हणजे पानिपत, १७६९ म्हणजे थोरल्या माधवरावांची ऐन कारकीर्द. हुजूर फडात दोनशेच्या वर कारकून लिहीत असत असे सांगितले जाते. ‘फडणीस’ हे पद मुळात ‘फर्द-नवीस’, म्हणजे फर्दांवर, कागदाच्या तावांवर लिहिणारा. कारभार कागदावर चालवण्यात पुणे पॅरिसच्या मागे नव्हते. पण या साऱ्या लिखाणात उंच पायांचे मेज कुठेच नाही.

कारकून बैठकीवर मांडी घालून बसे. उजवा गुडघा उभा, त्यावर कागद किंवा पाटी, शेजारी दौत, बोरू, चाकू आणि शाई टिपायला वाळूची डबी. कागदही मेजाच्या मापाचा नसे. अरुंद, लांब बंद एकाखाली एक चिकटवून पत्र किंवा हिशेब वाढवीत जात, सांध्यावर शिक्का करीत, शेवटी मोर्तब. असा कागद गुंडाळायचा किंवा घड्या घालायच्या, पुडके करायचे आणि पुडकी रुमालात बांधायची. रुमाल म्हणजे चौकोनी कापड. खणापेक्षा रुमाल सोयीचा, कारण तो कागदाबरोबर वाढतो. आणि स्वारी निघाली की दप्तर उंटावर चढते. जडावाचे मेज चढवून पाहा!

मग गुपिते कुठे राहात? माणसांजवळ. नाना फडणिसांचा खासगी पत्रव्यवहार कुठल्या गुप्त खणात नव्हता. त्यांचे कागद वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात राहिले, आणि नाना १८०० मध्ये वारल्यानंतर शंभर वर्षांनी दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्यासारख्या संशोधकांच्या हाती आले. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

या दोन जगांची पुण्यात प्रत्यक्ष गाठही पडली होती. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील चौलला उतरून पुण्यास आला. नानांनी त्याचा आदरसत्कार केला, बोलणी लांबवली, आणि इंग्रजांना धडकी भरेल एवढे ते दृश्य मुद्दाम रंगवले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या पार्श्वभूमीत या वकिलाचे नाव येतेच. त्या वेळी फ्रान्सच्या गादीवर सोळावा लुई होता आणि रीझनेर त्याचा दरबारी एबेनिस्त. १७७४ ते १७८४ या काळात त्याने राजघराण्याला सातशेच्या वर नग पुरवले. व्हर्सायचा वकील ज्या दरबारात आला तेथे मात्र गादी, तक्क्या आणि रुमाल एवढ्यावर राज्य चालले होते. म्हणून कारभार कच्चा होता असे मुळीच नव्हे.

पुढे दोन्ही राज्ये बुडाली. फ्रान्समध्ये क्रांती झाली आणि ऑगस्ट १७९३ ते ऑगस्ट १७९४ या वर्षभरात व्हर्सायच्या सामानाचा लिलाव चालला. १७,००० हून अधिक नग हातोड्याखाली गेले. राजाचे मेज वाचले, पण त्यावरची राजचिन्हे काढावी लागली, आणि ते काम रीझनेरलाच करावे लागले! पुण्यात १८१८ नंतर उलटे घडले. लिलावात काढण्याजोगे मेज नव्हते. जे होते ते कागद. इंग्रजांना इनामे, वतने, जमाबंदी समजून घ्यायची होती, त्यामुळे दप्तर त्यांच्या उपयोगाचे ठरले. १८२८ मध्ये शनिवारवाड्यातील इमारती जळाल्या, पण दप्तर टिकले. त्याच पेशवे दप्तरातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पुण्याच्या इतिहासलेखनाचा पाया त्या रुमालांवर उभा आहे.

मुंबईची पेटी

मग जडावाचे लेखनसाहित्य आपल्याकडे नव्हतेच काय? होते, आणि फार उत्तम होते. पण ते आपल्या बैठकीसाठी केले जात नव्हते. एकोणिसाव्या शतकात ‘मुंबईची पेटी’ म्हणून विलायतेत नावाजलेली वस्तू म्हणजे सादेली कामाची पेटी. हस्तिदंत, हिरवा रंगवलेला हस्तिदंत, अबनूस, चंदन आणि कथिल यांच्या बारीक त्रिकोणी-चौकोनी काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची. तिचे आडवे पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर एकसारखी चांदणी उमटते. हे काप चंदनी पेटीवर ओळीने चिकटवायचे. झाकण उघडले की लिहिण्याची उतरती फळी, दौतीची जागा, लेखण्यांची जागा.

ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे सुरत-मुंबईस आली असे जुने जाणकार सांगतात. ती पारशी व इतर कारागिरांच्या हातात रुजली; ‘पेटीगारा’ हे पारशी आडनाव याच धंद्याची खूण आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात या पेट्या होत्या, आणि साहेबांच्या बायका त्या मायदेशी घेऊन जात. शिराझची कला, सुरतेचे हात आणि नाव मुंबईचे. पॅरिसच्या मेजाचीही हीच कथा आहे, हे वर आलेच. सुरतेत आज ही कला जाणणारी थोडीच घरे उरली आहेत, आणि हस्तिदंताच्या व्यापाराला कायद्याने बंदी असल्याने जुने काम दुरुस्त करणेही अवघड झाले आहे.

आपल्या वाड्यांत खरोखर वापरात होते ते उतरत्या झाकणाचे बैठे डेस्क. साध्या सागवानाचे, हातभर उंचीचे, आत वह्या आणि पैसे. पुण्याच्या पेढ्यांवर ते परवापरवापर्यंत दिसत होते. इंग्रजी अमदानीत खुर्ची आली, गुडघा खाली आला आणि कागद टेबलावर गेला. वकील, मामलेदार, प्राध्यापक यांच्या घरी मुंबईच्या शिसवी कोरीव कामाची मेजे आली. ‘फ्रेंच’ घाटाचे मेज आले ते या सगळ्यांच्या शेवटी, बहुधा मुंबईच्या लिलावातून किंवा एखाद्या संस्थानाच्या मोडीतून.

मराठी माणसाने पॅरिसच्या नामांकित कारागिराकडून खास करवून घेतलेले मेज शोधायचे तर पुणे सोडून इंदूरला जावे लागते. खेड तालुक्यातील वाफगाव ज्यांच्या इतिहासात आहे, त्याच होळकरांच्या घराण्यातील दुसरे यशवंतराव (१९०८–१९६१) यांनी १९३० च्या सुमारास माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून सजवून घेतला. त्यांच्यासाठी एमील-झाक रुलमान (१८७९–१९३३) याने लिहिण्याचे मेज केले. रुलमान हा बूल-रीझनेरच्या परंपरेचा अखेरचा मोठा वारस मानला जातो. या मेजावर मॅकासर अबनुसाचे पान चढवलेले आहे. फुले नाहीत, सोने नाही, धातू क्रोमचा. १९८० मध्ये माणिकबागेतील सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला आणि ते जगभर पांगले. राजवाड्यात पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याची कचेरी बसली. ब्यूरो गेला आणि दप्तर आले, असे म्हणायला हरकत नाही.

खरे आणि नक्कल

आता पुण्यातील मेजांकडे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत युरोपला राजांच्या काळच्या मेजांचे वेड लागले आणि पॅरिसमध्ये त्यांच्या नकला करणारे मोठमोठे कारखाने उभे राहिले. पंधराव्या लुईच्या मेजाच्याच कितीतरी प्रती निघाल्या. लंडनच्या वॉलेस संग्रहात त्यांपैकी एक आहे. बोहेमियातून आलेला फ्रांस्वा लिंक (१८५५–१९४६) १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अशाच भव्य मेजाने गाजला. त्या नकलांच्या आणखी स्वस्त नकला झाल्या. आपल्याकडचे ‘फ्रेंच’ मेज बहुतेक वेळा या शेवटच्या पिढीतले असते.

ओळखण्याच्या काही खुणा आहेत. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. हाताने रंधलेल्या लाकडावर बोट फिरवले की किंचित लाटा लागतात. यंत्राचे लाकूड सपाट लागते. लाकडी पान दीड मिलिमीटरच्या आसपास असेल तर हातकरवतीचे, कागदासारखे पातळ असेल तर यंत्राचे. साजाची मागची बाजू पाहावी. पाऱ्याच्या मुलाम्याचे सोने दाट आणि उबदार दिसते, विजेचे पातळ आणि एकसुरी. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसच्या कारागीर-संघाने सभासदाला आपल्या नावाचा ठसा मारणे बंधनकारक केले होते. तो लपलेल्या जागी असतो, शेजारी बहुधा तपासनिसांचा जे-एम-ई असा ठसा. १७९१ मध्ये संघ बरखास्त झाले. राजाच्या खास कारागिरांना ठशाची सक्ती नव्हती आणि खोटे ठसे मारणारेही पुष्कळ झाले, म्हणून ठसा हा एक पुरावा मानावा, निकाल मानू नये.

या वस्तूंचा खरा शत्रू आपली हवा आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. पितळ आणि कवच तसे हलत नाहीत. मधला सरस सुटतो आणि पितळेची वेल उभी राहते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील किती घरांचे सामान असे उकलले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

परंतु एवढे सगळे शिकल्यावर मला या खुणांपेक्षा वेगळ्याच गोष्टीची चिंता वाटू लागली. काही वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतील एका वाड्यात मला असे मेज पाहायला बोलावले होते. वाडा पुनर्विकासाला गेला होता. मेज नक्कल होते. पान यंत्राचे, मुलामा विजेचा. व्यापाऱ्याने तसे आधीच सांगितले होते आणि भाव पाडला होता. कुटुंबाने ते देऊन टाकायचे ठरवले होते. खण रिकामे होते. आत काय होते, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘काही नाही हो, आजोबांचे जुने कागद. रद्दीत घातले.’’ एका खणाच्या तळाशी चिकटलेले चतकोर पान तेवढे राहिले होते : मोडीत आकडे, वर गावाचे नाव, खाली सही. जमाखर्चाचे पान होते. कुणाचा, कशाचा जमाखर्च, हे सांगणारी बाकीची पाने चार दिवसांपूर्वी तराजूत गेली होती.

मेज खरे नाही म्हटल्यावर त्यातले कागदही बिनमोलाचे ठरले. हा व्यवहार मी नंतर पुष्कळ ठिकाणी पाहिला. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मेज येते, रिकामे. कागद आले तर वेगळ्या पोत्यात येतात, आणि मग कोणता कागद कोणत्या घरचा हे सांगायला कोणी उरत नाही. पॅरिसच्या मेजाची किंमत त्याच्या कारागिरामुळे ठरते; पुण्यातील मेजाची किंमत ते कुणी, कोणत्या खोलीत, कशासाठी वापरले यावर ठरायला हवी. वकिलाने १९१० मध्ये मुंबईहून आणलेली नक्कल ही त्या वकिलाच्या घराच्या इतिहासात अस्सलच आहे. बैठकीवर बसणारे घर खुर्चीवर कधी आले, रुमालात बांधलेले कागद खणात कधी शिरले, मोडी कधी थांबली आणि देवनागरी-इंग्रजी कधी सुरू झाली, हे सांगणारा तो पुरावा असतो. रुमालांनी आपल्याला अठरावे शतक दिले. एकोणिसाव्या-विसाव्या शतकाचे घरगुती पुणे या खणांत आहे, आणि ते आपण वजनावर विकत आहोत.

म्हणून वाचकांना विनंती. तुमच्या घरी, नात्यात, शेजारी असे मेज, डेस्क किंवा पेटी असेल आणि ती निघणार असेल, तर व्यापाऱ्याला बोलावण्याआधी एक दुपार तिच्यासाठी द्या. ती जागेवर असतानाच छायाचित्र घ्या. प्रत्येक खणाला क्रमांक द्या आणि त्यातील कागद त्याच क्रमांकाच्या पाकिटात, आहेत त्याच क्रमाने ठेवा. मोडी वाचता येत नसली तरी क्रम मोडू नका. खण पूर्ण बाहेर काढून मागच्या पोकळीत हात घाला. कागद मागे घसरून पडतात. खणात अंथरलेले वर्तमानपत्रही फाडू नका, त्यावर तारीख असते. घरातील वयस्क माणसांना विचारून मेज कुणी आणले, कुठे होते, कोण त्यावर काय लिहीत असे, एवढे एका पानावर उतरवा. मग मेज खुशाल विका. कागद मात्र १९१० पासून हेच काम करीत आलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी दाखवा. लिहिलेल्या पानाची एक प्रत त्या कागदांबरोबर द्या आणि दुसरी मेजाच्या खणात ठेवून द्या, म्हणजे ते जिथे जाईल तिथे आपले घर सांगत जाईल.